डुकराच्या पिल्लांचे दूध तोडताना : पोटातील उपकारक जिवाणूंची जपणूक



तुमच्या गोठ्यातली डुकरीण व्यायली. दहा पिल्ले झाली. घरातल्या बाईने रात्री उठून उठून, पोत्याची ऊब देऊन ती जगवली. सहा-सात आठवडे झाले, पिल्ले गुटगुटीत दिसू लागली, म्हणून एक दिवस तुम्ही त्यांना आईपासून वेगळे केले आणि खाद्यावर घेतले. तीन-चार दिवस बरे गेले. मग एका सकाळी पाहता तो गोठ्याची जमीन पिवळसर पाण्याने भिजलेली. दोन पिल्ले कोपऱ्यात अंग चोरून उभी. शेपट्या घाण झालेल्या, डोळे खोल गेलेले. संध्याकाळपर्यंत एक गेले, दुसऱ्या दिवशी आणखी एक.

डुक्कर पाळणाऱ्या पुष्कळ घरांनी हा अनुभव घेतला आहे. मादी ११४ दिवस गाभण राहते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. त्यानंतर सहा ते आठ आठवडे ती दूध पाजते. या साऱ्या काळात तिला घातलेला खुराक, केलेली मेहनत, काढलेले कर्ज, हे सगळे त्या दहा पिल्लांच्या विक्रीतून वसूल व्हायचे असते. दहांपैकी तीन गेली तर राहिलेल्या सातांनी खर्च तेवढा निघतो आणि घरात काही उरत नाही.

डुकराचे नाव काढले की काही वाचक नाक मुरडतील. पण गोव्यात आणि वसईकडील ख्रिस्ती घरांत हे जनावर पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आहे. गोव्याच्या गावठी डुकराची ‘अगोंदा गोवन’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. आज यॉर्कशायर जातीची डुकरे पाळणारे तरुण देशावरही भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्याकडे फक्त करडे किंवा वासरे आहेत, त्यांनीही वाचावा. पोटाचे बरेचसे नियम सगळीकडे सारखेच असतात.

पोटात कोण राहते?

पिल्लू आईच्या पोटात असते तेव्हा त्याचे आतडे जवळजवळ कोरे असते. जन्माच्या वाटेवर, सडाला तोंड लावताना, जमीन हुंगताना, आईच्या विष्ठेतून असे जिवाणू त्याच्या पोटात शिरतात. पहिल्या एक-दोन दिवसांत तेथे नुसती गर्दी असते, बरे-वाईट सगळेच असतात. पण पिल्लू दूध पिऊ लागले की चित्र पालटते. दुधातल्या साखरेवर जगणारे, दह्याच्या जिवाणूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस जिवाणू जोर धरतात. ते दुधाच्या साखरेपासून आंबट आम्ल तयार करतात. लहान पिल्लाच्या जठरात स्वतःचे आम्ल फार कमी असते. ही उणीव या जिवाणूंचे आम्ल भरून काढते आणि रोगजंतूंची वाढ रोखते.

घरातल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. दुधाला वेळेवर विरजण लावले तर दही होते. तेच दूध तसेच उघडे ठेवले तर नासते. दूध तेच, भांडे तेच. आत आधी कोण शिरले आणि कोणी जागा धरली, एवढाच फरक. पिल्लाच्या पोटातही विरजण लागावे लागते.

पिल्लू मोठे झाले की त्याच्या मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात अब्जावधी जिवाणू असतात. ते फुकट खात नाहीत. डुकराला स्वतःला न पचणारा कोंडा आणि चोथा ते आंबवतात आणि त्यातून व्हिनेगरसारखी साधी आम्ले तयार करतात. त्यांपैकी एक आम्ल आतड्याच्या आतल्या अस्तराचे मुख्य अन्न आहे, बाकीची रक्तात जाऊन जनावराला शक्ती देतात. जिवाणूंची ही वस्ती धड असेल तर खाल्लेले अंगी लागते.

दूध तुटते तेव्हा

निसर्गात डुकराचे पिल्लू तीन-चार महिन्यांत हळूहळू दूध सोडते. आपण ते एका दिवसात सोडवतो. आई गेली, दूध गेले, जागा बदलली, शेजारी नवी पिल्ले आली, त्यांच्याशी मारामारी झाली. भेदरलेले पिल्लू एक-दोन दिवस खातच नाही. मग भूक अनावर झाली की एकदम हावरटासारखे खाते.

त्याच वेळी पोटात दोन गोष्टी घडतात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस तेच शोषून घेतात. उपासाने हे अंकुर काही दिवसांतच आखूड होतात. दुसरे म्हणजे दूध थांबल्यामुळे लॅक्टोबॅसिलसचे अन्न तुटते आणि त्यांची संख्या घटते. जागा मोकळी पडते. न पचलेले खाद्य, विशेषतः पेंड आणि मासळीच्या कुटीतली प्रथिने, आतड्यात पुढे सरकतात आणि कुजतात. अशा वेळी ई. कोलाय नावाच्या जिवाणूच्या काही दुष्ट जाती आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. त्या विषामुळे अंगातले पाणी आणि क्षार आतड्यात ओढले जातात. तीच हगवण. पिल्लू मरते ते बहुधा पाणी कमी पडल्यामुळे.

नांगरून मोकळे टाकलेले रान पाहा. पहिल्या पावसात त्यावर तणच माजते. तेथे दाट पीक उभे असते तर तणाला ऊन मिळाले नसते. पिल्लाचे दूध तुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे असेच मोकळ्या रानासारखे असतात.

पावडर आणि तिचे दुखणे

मी नोकरीत नवा होतो तेव्हा यावर एकच उपाय सर्रास सांगितला जाई. खाद्यात प्रतिजैविकाची पावडर थोडी थोडी रोज मिसळा. मीही सांगत असे. पिल्ले वाढतही होती, त्यामुळे चूक वाटत नव्हती. पण रोज थोडे थोडे औषध दिले की त्याला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात आणि तेच वाढतात. मग खरोखर आजार आला की ते औषध चालत नाही. शिवाय रोगजंतूंबरोबर पोटातले उपकारक जिवाणूही मारले जातात.

हे जंतू गोठ्यात थांबत नाहीत. विष्ठेबरोबर, पाण्याबरोबर, हाताबरोबर ते माणसांत येतात. कोलिस्टिन हे औषध दवाखान्यात दुसरे काही चालेनासे झाले की माणसाला देतात. त्या औषधाला न जुमानण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, असे २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तो गुण त्यांना प्रथम सापडला तो डुकराच्या पोटातील जिवाणूत. आपल्या केंद्र सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या आणि मासे यांच्यासाठी आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. स्वीडनने केवळ वाढीसाठी प्रतिजैविके देणे १९८६ सालीच बंद केले होते. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ते पूर्ण थांबले.

डेन्मार्कमध्ये पिल्लांच्या खाद्यातली पावडर १९९९ सालच्या अखेरीस बंद झाली. त्यानंतर काही काळ दूध तुटलेल्या पिल्लांची हगवण वाढली, हे लपवण्यासारखे नाही. तेथल्या शेतकऱ्यांना खाद्य, स्वच्छता आणि दूध तोडण्याची पद्धत सुधारावी लागली. पावडर काढून घेतली आणि तिच्या जागी काही केले नाही, तर नुकसान होते. म्हणूनच उपकारक जिवाणूंचा विचार पुढे आला.

उपकारक जिवाणू काय करतात?

कल्पना जुनी आहे. रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले मेचनिकॉफ यांना रोगप्रतिकारशक्तीवरील शोधांसाठी १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आंबट दुधातले जिवाणू पोटातील कुजण्याची क्रिया थांबवतात, असे त्यांनी मांडले होते. १९७३ साली फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांटाला या दोघांनी कोंबडीच्या एक-दोन दिवसांच्या पिलांना निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू पाजले. ती पिले साल्मोनेला या रोगजंतूला सहजी बळी पडली नाहीत. चांगल्यांनी आधी जागा धरली की वाईटांना थारा मिळत नाही, हे त्यातून दिसले.

आज बाजारात ‘प्रोबायोटिक’ म्हणून जे मिळते ते म्हणजे असे जिवंत, उपकारक जिवाणू किंवा यीस्ट. त्यांचे काम चार प्रकारे चालते. एक, ते आम्ल तयार करून आतड्यातील वातावरण रोगजंतूंना नकोसे करतात. दोन, अन्न आणि जागा अडवतात. तीन, काही जाती इतर जंतूंना मारणारे पदार्थ सोडतात. चार, आतड्याच्या भिंतीतील संरक्षक पेशींना जागे ठेवतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. बाहेरून दिलेले हे जिवाणू बहुधा पोटात कायमचे घर करत नाहीत. देत आहात तोवर असतात, बंद केले की थोड्या दिवसांत विष्ठेतून निघून जातात. पोटातील सगळी वस्तीही ते उलथीपालथी करत नाहीत. अडचणीच्या दिवसांत तोल सांभाळणे एवढेच त्यांचे काम. म्हणून ते द्यायचे ते दूध तुटण्याच्या आधीपासून आणि नंतरचे दोन-तीन आठवडे. हगवण लागल्यावर धावपळ करून उपयोग कमी.

प्रयोग काय सांगतात?

आयर्लंडमध्ये कॉर्क येथील शास्त्रज्ञांनी डुकरांच्याच पोटातून काढलेल्या पाच जातींच्या जिवाणूंचे मिश्रण दूध तुटलेल्या पिल्लांना दिले आणि मग त्यांना मुद्दाम साल्मोनेलाची लागण केली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. जिवाणू दिलेल्या पिल्लांना हगवण कमी झाली, लवकर थांबली आणि त्यांचे वजनही अधिक भरले. बर्लिनमध्ये आईला आणि पिल्लांना दोघांनाही एन्टेरोकॉकस जातीचे जिवाणू दिले. २००६ साली छापलेल्या त्या निष्कर्षात दूध तुटल्यानंतरची हगवण कमी झाली, पण वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि त्याच जातीचे जिवाणू देऊन साल्मोनेलाची लागण केलेल्या दुसऱ्या एका जर्मन प्रयोगात उलटेच झाले, पिल्लांच्या विष्ठेतून साल्मोनेला अधिक पडला.

यातून शहाण्याने घ्यायचा अर्थ असा. सगळे उपकारक जिवाणू एकसारखे नसतात. एका जातीने जे केले ते दुसरी करीलच असे नाही. गोठा गलिच्छ असेल तर कोणतीही पावडर हात देत नाही. जो दुकानदार ‘ही पुडी सगळ्या रोगांवर चालते’ म्हणतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

विकत घेताना

पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि पाकिटावर चार गोष्टी पाहा. जिवाणूचे पूर्ण नाव, दर ग्रॅममागे जिवंत जिवाणूंची संख्या, डुकरांसाठी आहे की नाही, आणि मुदत. मुदत संपलेल्या पाकिटात मेलेले जिवाणू असतात. त्यांचे काम मेलेल्या विरजणाइतकेच.

लॅक्टोबॅसिलस नाजूक असतात, त्यांना ऊन आणि उष्णता सोसत नाही. पाकीट पत्र्याखाली ठेवू नका, गरम आंबोणात मिसळू नका. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचे बीजाणू चिवट असतात, ते गोळी खाद्य बनवताना लागणारी उष्णताही बरीच सोसतात. खेड्यातल्या साठवणीला ते अधिक सोयीचे. पाण्यातून द्यायचे असतील तर क्लोरीन टाकलेले नळाचे पाणी वापरू नका, विहिरीचे उकळून थंड केलेले पाणी घ्या. डॉक्टरांनी आजारासाठी प्रतिजैविक दिले असेल तर दोन्ही एकत्र कसे द्यायचे, की नाही द्यायचे, हे त्यांनाच विचारा. एरवी एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने उपटायचे, असे होईल.

घरच्या घरी आंबवलेले खाद्य

ज्यांना पाकीट परवडत नाही त्यांच्यासाठी एक जुनी रीत आहे, खाद्य आंबवून देण्याची. डेन्मार्क आणि हॉलंडमध्ये हिच्यावर बराच अभ्यास झाला आहे.

स्वच्छ प्लॅस्टिकचे झाकणाचे पिंप घ्या. त्यात मक्याचा किंवा तांदळाच्या कणीचा भरडा आणि गव्हाचा कोंडा घाला, वजनाच्या अडीच पट स्वच्छ पाणी घाला आणि पहिल्या वेळी वाटीभर ताजे आंबट ताक टाकून ढवळा. झाकण ठेवा. आपल्याकडील उबेत साधारण एका दिवसात मिश्रण आंबते आणि इडलीच्या पिठासारखा स्वच्छ आंबट वास येतो. दुकानातली लिटमसपट्टी फक्त आम्ल आहे एवढेच सांगते. सामू मोजणारी पट्टी मिळाली तर सामू ४.५ च्या खाली आलेला दिसला पाहिजे. एवढ्या आंबटपणात साल्मोनेलासारखे जंतू वाढत नाहीत. काढून घेताना थोडे मिश्रण तळाला ठेवा, तेच पुढचे विरजण.

तीन पथ्ये मात्र पाळा. पेंड, मासळीची कुटी आणि क्षारमिश्रण आंबवताना घालू नका, खायला देताना मिसळा, नाहीतर प्रथिनांतील मोलाचा भाग आंबण्यात वाया जातो. बुरशी दिसली किंवा सडका वास आला तर सगळे फेकून द्या आणि पिंप घासून उन्हात वाळवा. बुरशी आलेला मका तर कधीच वापरू नका, आंबवल्याने बुरशीचे विष जात नाही. आणि सुरुवात मूठभरानेच करा, आठवड्याभरात प्रमाण वाढवा. लोणच्याचे किंवा खाऱ्या मासळीचे पाणी मात्र यात कधी मिसळू नका. जास्त मीठ आणि प्यायला कमी पाणी, यांनी डुकराला विषबाधा होते.

आधी हे करा

जिवाणू नंतर, पाया आधी.

पहिला चीक जन्मल्यापासून पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेला पाहिजे. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला तिची रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते. एक-दीड दिवसानंतर आतडे ती शोषून घेत नाही. अशक्त पिल्लाला हाताने सडाला लावा.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन द्या. पिल्लाला रोज सुमारे ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागते, दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. पांढुरके पडलेले पिल्लू पहिल्या हगवणीत जाते.

दहा-पंधरा दिवसांचे झाल्यापासून पिल्लांपुढे थोडे मऊ, ताजे खाद्य ठेवा. दूध तोडताना आईला हलवा, पिल्लांना त्यांच्या ओळखीच्या जागी राहू द्या. सहा आठवड्यांआधी घाई करू नका. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे घाला. जमीन कोरडी ठेवा, थंडीत पेंढा टाका, पिण्याचे पाणी दिवसभर ठेवा.

हगवण लागलीच तर पहिला उपाय पाण्याचा. माणसांसाठी दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून पिल्लांपुढे ठेवा, आजारी पिल्लू वेगळे करा आणि डॉक्टरांना बोलवा.

एक इशाराही लक्षात ठेवा. आफ्रिकन स्वाइन फीवर वेगळा आणि ही हगवण वेगळी. आफ्रिकन स्वाइन फीवर आपल्या देशात २०२० साली ईशान्येकडे प्रथम आढळला. मोठी आणि लहान डुकरे तापाने भराभर मरू लागली, कातडीवर लाल-निळे डाग दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याला कोणताही जिवाणू आणि कोणतीही पुडी अडवू शकत नाही. हॉटेलचे खरकटे घालत असाल तर ते नीट उकळल्याशिवाय घालू नका.

दहा पिल्लांची परीक्षा

माझ्या सांगण्यावर किंवा पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहा. एका वेतातील दहा पिल्लांचे वजनाने सारखे असे दोन गट करा. पाच इकडे, पाच तिकडे, मधे भिंत. दोघांना खाद्य एकच, जागा सारखी. फक्त एका गटाला उपकारक जिवाणू द्या, आणि आधी नेहमी दुसऱ्या गटाकडे जाऊन मग या गटाकडे या, म्हणजे हातापायाबरोबर ते तिकडे जाणार नाहीत. दूध तोडल्याच्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी प्रत्येकाचे वजन करा. रोज सकाळी किती पिल्लांना पातळ होते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील.

एका वेतावरून निकाल देऊ नका. दोन-तीन वेते असे करा. पुडीच्या खर्चापेक्षा वाचलेल्या पिल्लांची आणि वाढलेल्या वजनाची किंमत जास्त भरली तर चालू ठेवा. नाही भरली तर ते पैसे कोरड्या जमिनीवर आणि चांगल्या खाद्यावर खर्च करा, तेही वाया जाणार नाहीत.

त्या पावडरीच्या दिवसांत मी ज्या घरांना उलटा सल्ला दिला, त्यांतल्या काहींच्या गोठ्यात आज पुन्हा जातो तेव्हा हेच सांगतो. औषध आजारासाठी राखून ठेवा. रोजच्या दिवसासाठी स्वच्छता, वेळेवर चीक, सावकाश तोडलेले दूध आणि पोटातले हे न दिसणारे सोबती. पुढच्या वेताच्या वेळी कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा, आणि दूध तोडण्याच्या आठवडाभर आधीच तयारीला लागा.